गाडी उभी असते तेव्हा पगार चालू असतो का? मुंबईतून लांबच्या लाइनवर निघणाऱ्या नव्या ड्रायव्हरसाठी

कळंबोलीच्या लोखंड बाजारात, भिवंडीच्या गोदामांवर किंवा न्हावा-शेवाच्या पार्किंगमध्ये नवा पोरगा कामाला आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "शेठ, महिन्याला किती?" शेठ एक आकडा सांगतो, पोरगा दुसऱ्या शेठकडे जाऊन त्याचा आकडा ऐकतो आणि ज्याचा मोठा त्याच्या गाडीवर चढतो. चार महिन्यांनी तोच पोरगा वैतागून गाडी सोडतो. पैसे हातात आले नाहीत, घरी जायला मिळालं नाही आणि नेमकं कुठं बिनसलं तेही त्याला सांगता येत नाही.

मी आधी स्टिअरिंगवर होतो, आता गाड्या मालाला लावायच्या टेबलावर बसतो. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे, की लांबच्या लाइनवर कमाई आणि घर या दोन्हींचा निकाल गाडी उभी राहते त्या दिवसांवर लागतो. लोडिंगला उभी, अनलोडिंगला उभी, परतीच्या भाड्यासाठी उभी. त्या दिवसांचे पैसे कोण देतं आणि असे दिवस किती येणार, हे तुम्ही कोणता माल उचलता त्यावर ठरतं. म्हणून आधी माल बघा, मग मालक आणि मग पगार. पुढची सगळी माहिती याच हिशेबाने लिहिली आहे.

आधी कागद

ट्रकचं लायसन्स काढायला वय किमान २० वर्षं लागतं आणि त्याआधी हलक्या वाहनाचं लायसन्स एक वर्ष जुनं असावं लागतं. ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म ५ चं प्रमाणपत्र आणि डॉक्टरचा फॉर्म १-अ लागतो. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली, तेव्हा शाळा अर्धवट सुटली म्हणून कुणी एजंट जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. ट्रान्सपोर्टचं लायसन्स पाच वर्षं चालतं. धोकादायक मालाची नोंद असेल तर तीनच वर्षं, आणि त्यासाठी वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं.

सुप्रीम कोर्टाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालानंतर मालासकट एकूण साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते. छोटा टेम्पो चालवून हात बसवायचा असेल तर हा रस्ता आता मोकळा आहे. पण दहाचाकी किंवा ट्रेलरवर बसायचं तर जड वाहनाचंच लायसन्स हवं. "एक ट्रिप मारून ये, मग काढू" असं म्हणणाऱ्या मालकाकडे अजिबात थांबू नका. अपघात झाला तर विमा कंपनी लायसन्सवर बोट ठेवते आणि तुमच्या मागे कुणी उभं राहत नाही.

मूळ लायसन्स आणि आधार कार्ड मालकाकडे जमा करायचं नाही. झेरॉक्स द्या. तपासणीला डिजीलॉकरमधलं लायसन्स चालतं.

पगार: चार पद्धती, चार वेगळे धोके

मुंबईच्या बाजारात ड्रायव्हरला पैसे देण्याच्या साधारण चार पद्धती आहेत.

पहिली, ठरलेला महिना आणि वर रोजचा भत्ता, म्हणजे खुराकी. आकडा छोटा दिसतो, पण गाडी उभी असली तरी पगार चालू राहतो. दुसरी, किलोमीटरवर. पळाल तेवढं मिळेल. तिसरी, भाड्यात टक्का. यात भाडं पडलं की तुमची कमाईही पडते, आणि खरं भाडं किती ठरलं ते तुम्हाला बहुतेक वेळा कळतच नाही. चौथी, ठोक. मालक एका ट्रिपला ठरावीक रक्कम हातात देतो आणि डिझेल, जेवण, वाटखर्च सगळं त्यात भागवायचं. उरेल ते तुमचं.

ठोक पद्धतीपासून नव्या माणसाने लांबच राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. उरवायच्या नादात माणूस झोप तोडतो, टोल चुकवायला खराब रस्त्याने जातो, घाटात गिअर न्यूट्रल करून गाडी सोडतो. पंधरा वर्षं चालवलेला ड्रायव्हरही यात फसतो. नवा माणूस जिवानिशी जातो.

आता किलोमीटर आणि महिना यांतला फरक कागदावर मांडून बघू. पुढचे आकडे समजण्यापुरते धरले आहेत, तुम्ही तुमच्या मालकाचे आकडे घाला. कळंबोली ते दिल्ली साधारण १,४०० किलोमीटर, जाऊन-येऊन २,८००. किलोमीटरला ४ रुपये धरले तर ट्रिपचे ११,२०० होतात. सगळं सुरळीत होऊन ९ दिवसांत परत आलात तर दिवसाला १,२४४ रुपये पडले. जेवणाखाण्याला रोज ३५० गेले तर हातात राहिले ८९४. पण दिल्लीत परतीचं भाडं लागायला पाच दिवस गेले, तर ट्रिप १४ दिवसांची झाली. दिवसाला ८०० पडले, जेवण वजा जाता ४५०. दर तोच, रस्ता तोच, कष्ट उलट जास्त आणि हातात निम्मे. म्हणून किलोमीटरवर जायचं असेल तर एक गोष्ट बोलून घ्या: गाडी एक दिवसापेक्षा जास्त उभी राहिली की दुसऱ्या दिवसापासून रोजचा भत्ता किती? मालक देत नसेल तर त्याचा मोठा किलोमीटर दर विसरा.

पैसे गळायची दुसरी जागा अ‍ॅव्हरेजची. मालक म्हणतो, गाडीने लिटरला ४ किलोमीटर दिलं पाहिजे, कमी पडलं तर डिझेल तुमच्या पगारातून. त्याच २,८०० किलोमीटरला ४ च्या अ‍ॅव्हरेजने ७०० लिटर लागतं. गाडीने ३.८ दिलं तर जवळजवळ ७३७ लिटर. ३७ लिटर जास्त, लिटरला ९० रुपये धरले तर ३,३०० च्या वर गेले. म्हणजे ट्रिपच्या कमाईतला तिसऱ्या हिश्शाच्या जवळ जाणारा घास. चूक तुमची असायलाही नको. गाडी जुनी असेल, फिल्टर बदललेला नसेल, टायर झिजलेले असतील, वाटेत घाट जास्त असतील. म्हणून अ‍ॅव्हरेज एकच ठरवून घेऊ नका. भरलेल्या गाडीचं वेगळं, खाली गाडीचं वेगळं. आणि पहिल्या ट्रिपला निघताना मालकाच्या माणसासमोर टाकी तोंडापर्यंत भरा, किलोमीटरचा फोटो काढा, परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा तोंडापर्यंत भरा. गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज या एका ट्रिपमध्ये कळतं. पुढची बोलणी त्या आकड्यावर करा. डिझेल वाचलं तर त्यात तुमचा वाटा किती, हेही तेव्हाच विचारा. कापायचा नियम असेल तर द्यायचाही हवा.

बाकी खर्च कुणाचा ते एका दमात सांगतो, पण एकेक विचारून घ्या. टोल फास्टॅगमधून मालकाचा. पंक्चर मालकाचं. बीएस-६ गाडीत धूर साफ करायला लागतो तो युरिया मालकाचा. पार्किंग मालकाचं. चलन ज्याच्या चुकीचं त्याचं: सिग्नल तोडला तर तुमचं, फिटनेस संपलेलं असेल किंवा जादा माल असेल तर मालकाचं. वाराईवरून, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या हमालीवरून, वाद फार होतात. महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा १९६९ पासून आहे, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आला. हमालाच्या घामाचे पैसे मिळालेच पाहिजेत, त्याबद्दल दुमत नाही. पण ते ज्याचा माल आहे त्याने द्यायचे, ड्रायव्हरच्या खिशातून नाही. "ज्याचा माल त्याचा हमाल" ही वाहतूकदारांची जुनी मागणी आहे. गोदामावर द्यावेच लागले तर पावती घ्या आणि त्याच मिनिटाला मालकाला फोटो पाठवा.

आता उचल. सणाला किंवा घरी लग्न निघालं की मालक वीस-तीस हजार सहज काढून देतो, आणि तेव्हा तो देवासारखा वाटतो. पण उचल अंगावर असेपर्यंत तुम्ही रूट नाकारू शकत नाही, सुट्टी मागू शकत नाही, गाडी सोडू शकत नाही. एका महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त उचल घेऊ नका. घेतलीत तर दर महिन्याला किती कापायचं ते लिहून घ्या.

माल: इथं घाई करू नका

मुंबईचा फायदा असा की एवढ्या तऱ्हेचा माल एका पट्ट्यात देशात फार थोड्या ठिकाणी मिळतो. न्हावा-शेवाचं बंदर, तळोजा एमआयडीसी, कळंबोलीचं लोखंड, तुर्भ्याची एपीएमसी, भिवंडीची गोदामं, माहुलच्या रिफायनऱ्या. प्रत्येकाची चाल वेगळी.

न्हावा-शेवाचा कंटेनर आधी घेऊ, कारण बरीच पोरं तिथूनच सुरुवात करतात. यात दोन कामं आहेत. एक लोकल: बंदरातून सीएफएसला, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामाला, सीएफएसमधून फॅक्टरीत, रिकामा डबा, म्हणजे कंटेनर, यार्डात. दुसरं लांबचं, म्हणजे आयातीचा डबा घेऊन आत उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे. माल बंद, सील लागलेलं, ताडपत्री-रस्सा नाही, चोरी आणि भिजण्याची चिंता कमी. नव्या माणसासाठी हे चांगलं. पण रांग मोठी शिक्षा आहे. निर्यातीचा डबा असेल तर फॉर्म १३ मध्ये, म्हणजे डबा बंदरात आत घ्यायच्या कागदात, गाडीचा नंबर किंवा डब्याचा नंबर चुकला की गेटवरून मागं फिरा. एखादा दिवस असा जातो, की किलोमीटर दहा पळतात आणि तास बारा जातात. म्हणून बंदराचं काम किलोमीटरवर कधीच घेऊ नका. फेऱ्यावर किंवा महिन्यावर घ्या, आणि रांगेत रात्र गेली तर त्या रात्रीचे किती ते ठरवून घ्या. डबा ताब्यात घेताना चारही बाजूंचे फोटो काढा आणि सीलचा नंबर कागदाशी जुळवून बघा. खड्डा पडलेला डबा तुमच्या नावावर चढायला वेळ लागत नाही.

लोखंडाचं भाडं चांगलं असतं, आणि म्हणूनच पोरं ओढली जातात. पहिल्या वर्षी कॉइल उचलू नका. कारण एकदा जवळून बघा. कॉइल म्हणजे पत्र्याची गुंडाळी, एकेक नग कित्येक टनांचा. तो गाडीवर फक्त साखळी, ती आवळायचा बाइंडर आणि खाली ठोकलेल्या लाकडी गुटक्यांच्या भरवशावर बसलेला असतो. कळंबोलीतून निघताना साखळी ताणलेली असते, पण पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरच्या धक्क्यांनी गुटके बसतात आणि साखळी सैल पडते. हाताने हलवून बघितली तर कडी खुळखुळते. जुना ड्रायव्हर तिथं थांबतो, बाइंडर पुन्हा आवळतो, गुटक्यांवर हातोडा मारतो, मगच बोर घाटाला लागतो. नव्याला वाटतं आत्ताच तर बांधलंय. आणि समोर कुणी अचानक थांबलं, कचकन ब्रेक मारावा लागला, की कॉइल पुढं येते. पुढं केबिन असते. हे काम शिकायचंच असेल तर आधी कॉइलवाल्या उस्तादासोबत दुसरा ड्रायव्हर म्हणून जा. सळईचंही तसंच: बॉडीच्या मागं सळई बाहेर काढून नेणं कायद्याने बंद आहे. "एवढं चालतं" म्हणून लोड करायला लागले तर नकार द्या.

भिवंडीतून निघणारी बंद बॉडीची गाडी, ज्याला लाइन हॉल म्हणतात, ती माझ्या मते नव्या माणसाची सगळ्यात चांगली शाळा आहे. ऑनलाइन खरेदीचा माल, पार्सल, किराणा कंपन्यांचा माल. गोदाम ते गोदाम, निघायची वेळ ठरलेली, पोचायची वेळ ठरलेली, लांबच्या रूटवर बहुतेक दोन ड्रायव्हर. परतीचं भाडं शोधत बसावं लागत नाही, कारण गाडी करारावर असते. उभं राहणं कमी, म्हणून महिन्याचा अंदाज बांधता येतो. त्रास घड्याळाचा. जीपीएसवर कुणीतरी बघत असतं, गाडी चहाला थांबली तरी फोन येतो, उशीर झाला तर दंड. इथं एकच गोष्ट ठरवून घ्या: वाहतूक कोंडीमुळे झालेला उशीर ड्रायव्हरच्या पगारातून कापायचा नाही. मानकोलीला किंवा घोडबंदरला दोन तास गाडी जागची हलली नाही तर त्यात तुमचा दोष काय? आणि दोन ड्रायव्हर असतील तर दुसरा खरोखर चालवणारा आहे ना, ते बघा. कागदावर दोन आणि गाडीत एकच, असंही चालतं.

नाशवंत माल, म्हणजे रावेर-सावद्याची केळी, लासलगावचा कांदा, हंगामात रत्नागिरी-देवगडचा आंबा. उत्तरेला जाणारी केळी पळवावी लागते, कारण माल वाटेत पिकतो. भाडं आणि बक्षीस चांगलं, पण सगळं रात्रीचं जागरण. एपीएमसीला आंबा पहाटेच्या आत लागला नाही तर भाव जातो आणि व्यापाऱ्याचा राग ड्रायव्हरवर निघतो. तब्येत धडधाकट आणि रस्ता पाठ असेल तेव्हाच करा.

टँकर, ओव्हर डायमेन्शन म्हणजे मापाबाहेरचा मोठा माल, कार कॅरियर ही पुढची इयत्ता. माहुलमधून पेट्रोल-डिझेल उचलायचं तर धोकादायक मालाची नोंद लायसन्सवर हवी आणि गाडीत ट्रेम कार्ड हवं. गळती किंवा आग लागली तर काय करायचं ते त्या कार्डावर लिहिलेलं असतं, ते नुसतं ठेवू नका, वाचा. या कामात शिस्त असते, बऱ्याच वेळा पीएफ असतो आणि टँकर भरायची जागा ठरलेली असल्याने घर जवळ राहतं. दोन वर्षांनी इकडं वळणं शहाणपणाचं.

बाजारातली सुटी गाडी, म्हणजे दलालाकडून मिळेल ते भाडं उचलायचं, ही सगळ्यात शेवटी ठेवा. आज गुवाहाटी, उद्या कोची. कुठं किती दिवस लागतील याचा कुणालाच पत्ता नसतो.

घर

"महिन्यातून एकदा घरी सोडीन" हे वाक्य बोलण्यापुरतं असतं. महिना कधी संपतो ते कुणी मोजत नाही. त्यापेक्षा ट्रिपच्या भाषेत ठरवा: दोन दिल्ली ट्रिप झाल्या की चार दिवस घर. ट्रिप मोजता येते, त्यावर वाद होत नाही. त्या चार दिवसांत गाडीवर दुसरा ड्रायव्हर कोण बसणार, हेही विचारा. मालकाकडे बदली माणूसच नसेल तर तुमची सुट्टी प्रत्येक वेळी पुढं जाईल, मग तो कितीही भला असो.

रूट निवडताना आपलं गाव कुठल्या रस्त्यावर येतं ते बघा. सातारा, कऱ्हाड, कोल्हापूरचे असाल तर बंगळूरची लाइन घ्या. नाशिक, धुळ्याकडचे असाल तर कसारा घाटातून आग्रा रोड. विदर्भातले असाल तर समृद्धी आहे. भिवंडीजवळचं आमणे ते नागपूर ७०१ किलोमीटर, शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. रस्ता सरळ आणि वेळ वाचतो, पण सरळ रस्त्यावर डोळा लागतो आणि गरम काँक्रीटवर खराब टायर टिकत नाही. त्या लाइनवर जाण्याआधी टायर बघून घ्या.

पण एक सांगतो. गावावरून जाणं म्हणजे घर नव्हे. रात्री दोनला गाडी फाट्यावर लावायची, डबा घ्यायचा, झोपलेल्या पोरीच्या तोंडावरून हात फिरवायचा आणि पुढं निघायचं, हे सुट्टीत धरू देऊ नका. भरलेली गाडी गावात लावायची असेल तर मालकाला आधी सांगा. न सांगता लावलेल्या गाडीतून माल गेला तर सगळं तुमच्या अंगावर येतं.

सणांचा हिशेब वेगळा. दिवाळी-छठ आणि होळीला उत्तरेकडचे ड्रायव्हर गावी जातात, मुंबईत गाड्या उभ्या असतात आणि चालवायला माणूस मिळत नाही. त्या दिवसांत राहिलात तर जादा पैसे मागून घ्या, मिळतात. मार्चअखेरीला कंपन्या माल ढकलतात, तेव्हाही काम जोरात. पावसाळा मंद. घरची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये मागितली तर मालक सहज देतो. कोकणातल्यांसाठी गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना दरवर्षी बंदी येते, त्या लाइनवरच्या गाड्या तशाही थांबतात. तुमची सुट्टी त्याला जोडून घ्या.

मालकाकडे बसण्याआधी

ऑफिस बघून ठरवू नका. मालकाच्या गाड्या जिथं लागतात तिथं जा, त्याच्याच दोन ड्रायव्हरांसोबत चहा प्या आणि विचारा: हिशेब कधी होतो? ट्रिप संपल्यावर किती दिवसांनी पैसे मिळतात? मागच्या वेळी गाडी बिघडून उभी होती तेव्हा भत्ता दिला का? ही तीन उत्तरं ऐकली की मालक कळतो. ज्याच्याकडे ड्रायव्हर दोन-तीन वर्षं टिकलेत, तो हजार रुपये कमी देत असला तरी तोच धरा.

मग मालकाशी बोला. साध्या शब्दांत, पण सगळं:

"शेठ, उभ्या गाडीचा भत्ता किती?"
"मालवाल्या पार्टीकडून उभ्या गाडीचं हॉल्टिंग मिळालं तर त्यात माझं किती?"
"अ‍ॅव्हरेज भरलेल्याचं किती, खाली गाडीचं किती?"
"घर किती ट्रिपनंतर?"

जे ठरलं ते त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला पाठवा: "शेठ, आज असं ठरलं." त्याने नुसतं "हो" टाकलं तरी पुढं उपयोगी पडतं. पगार बँकेतच घ्या. उद्या स्वतःची गाडी घ्यायची झाली तर कर्ज द्यायला बँक हेच कागद बघते.

विम्याचा कागद मागून बघा. गाडीच्या पॉलिसीत पगारी ड्रायव्हरची जबाबदारी घेतलेली आहे का, हे त्यात एका ओळीत लिहिलेलं असतं. मालकाकडे दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयबद्दल, म्हणजे सरकारी कामगार विम्याबद्दल, विचारा. घरच्यांचं औषधपाणी त्यात होतं. मालक काही देवो न देवो, बँकेत जाऊन पंतप्रधान सुरक्षा विमा आणि जीवनज्योती विमा आजच काढा. पहिल्याला वर्षाला २० रुपये, दुसऱ्याला ४३६. दोन्हींत दोन-दोन लाखांचं संरक्षण आहे. घरच्यांना पासबुक कुठं आहे ते सांगून ठेवा.

आणि तास. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, लांबच्या रूटवर परवानगीने जास्तीत जास्त १० आणि ५४ असं माप घालून दिलं, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती आणि आठवड्याला एक दिवस सुट्टी. रस्त्यावर हे कुठं पाळलं जातं, असं कुणी विचारेल. तरी आकडा डोक्यात ठेवा, कारण मालक जेव्हा दिल्ली तीन दिवसांत मागतो तेव्हा तो नेमकं काय मागतोय ते त्यावरून कळतं. दिवसाला चारशे-साडेचारशे किलोमीटरच्या वर भरलेल्या गाडीचं वचन एकट्याने देऊ नका.

पहिली ट्रिप

निघण्याआधी आरसी, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी यांच्या तारखा स्वतः बघा. कागद मालकाचे, पण रस्त्यावर अडकणार तुम्ही.

लोड झाल्यावर गाडी वजनकाट्यावर घ्या. जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००, शिवाय जादा माल तिथंच उतरवावा लागतो. तीन टन जादा म्हणजे २६,०००, आणि दुसरी गाडी येईपर्यंत तुम्ही रस्त्याच्या कडेला. वजन जास्त निघालं तर काट्याच्या पावतीचा फोटो मालकाला पाठवा आणि गाडी हलवू नका.

ई-वे बिलावर, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या कागदावर, गाडीचा नंबर बरोबर आहे ना ते अक्षर-अक्षर बघा, आणि मुदत बघा. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे दिल्लीला सात दिवस. वाटेत गाडी बिघडली आणि मुदत संपत आली तर ट्रान्सपोर्टवाल्याला लगेच फोन करा; मुदत संपण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या आठ तासांतच ती वाढवता येते. ही वेळ गेली की माल आणि गाडी दोन्ही अडकतात, आणि तुमचे उभे दिवस वाढतात.

पोचल्यावर सगळ्यात पहिलं काम: गेटवर बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या मालाच्या पावतीवर, पोचल्याची तारीख आणि वेळ लिहून सही-शिक्का घ्या. गेटवाला म्हणेल, "अनलोडिंगच्या वेळी टाकतो." ऐकू नका, गोड बोलून तिथंच घ्या. तो नाहीच म्हणाला तर गेटचा, गाडीच्या नंबरसकट फोटो काढून मालकाला पाठवा, म्हणजे वेळ नोंदली जाते. हॉल्टिंगचे पैसे याच एका नोंदीवर मिळतात. ती नसेल तर तीन दिवस उभे राहिलात हे पार्टी मान्य करत नाही, मालकाला मिळत नाही आणि तुम्हालाही नाही.

एक छोटी वही ठेवा. डाव्या पानावर आलेले पैसे, उजव्यावर गेलेले, खाली त्या दिवशीचं किलोमीटर आणि गाडी कुठं व का उभी होती ते. पावत्या मागच्या पाकिटात. हिशेबाला बसलात की मालकाच्या मुनीमजींसमोर ही वही उघडा. दोन ट्रिपनंतर ते तुमची वही बघूनच आकडे घालायला लागतात.

दुपारी जड जेवण करून लगेच चालवू नका, आणि पहाटे तीन ते पाच गाडी कडेला लावून झोपा. लावायची तर पंपावर किंवा मोठ्या धाब्यावर, महामार्गाच्या कडेला कधीच नाही. काही पंपांवर तेल कंपन्यांची "अपना घर" नावाची विश्रांतीची सोय आहे, अंघोळ आणि पलंग दोन्ही मिळतं. नवी गाडी मिळत असेल तर केबिन बघा: १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या ट्रकला एसी केबिन सक्तीची आहे. मे महिन्यात राजस्थानात त्याची किंमत कळते.

बोर घाट आणि कसारा उतरताना चढायला जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ड्रम तापतात, आणि खाली खरी गरज पडते तेव्हा ब्रेक लागत नाहीत.

मालक सोडताना

सहा महिने बघा, त्याआधी मालक बदलू नका. कुठलीही लाइन सहा महिन्यांच्या आत नीट कळत नाही. पण उभ्या दिवसांचा भत्ता ठरवूनही दोन ट्रिप सलग मिळाला नाही तर थांबण्यात अर्थ नाही. गाडी वाटेत कधीच सोडू नका. मुंबईत माल उतरवून, खाली गाडी मालकाच्या जागेवर लावून सोडा. स्टेपनी, जॅक, बॅटरी, ताडपत्री, रस्से यांचे फोटो काढा, टाकीतलं डिझेल आणि किलोमीटर एका कागदावर लिहून मुनीमजींची सही घ्या, आणि उचलीतून किती राहिलं व पगारातून किती येणं आहे ते त्याच कागदावर एका खाली एक मांडून घ्या.